माझी गोष्ट कुणी चोरली तर?

गेल्या पावसाळ्यात मी अंबाजोगाईजवळच्या एका गावातल्या शाळेत गेलो होतो. सातवी-आठवीच्या मुलांनी हस्तलिखित काढायचं ठरवलं होतं. गोष्टी मुलांनीच लिहायच्या, चित्रं मुलांनीच काढायची आणि सुंदर अक्षर असेल त्याने सगळं उतरवून काढायचं. गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही लिहिता-बिहिता, तर पोरांना गोष्ट कशी लिहायची ते जरा सांगा."

आता गोष्ट कशी लिहायची हे सांगता येतं का? मला तरी येत नाही. म्हणून मी म्हटलं, आधी तुम्ही लिहा, मग आपण बोलू. मुलं लिहायला बसली. मी बाकांमधून फिरत होतो. दुसऱ्या रांगेत एक मुलगी होती. तिने डावा हात वहीभोवती असा गुंडाळला होता, जसा आपण परीक्षेत शेजाऱ्याला दिसू नये म्हणून गुंडाळतो ना, अगदी तसा!

"काय लिहितेस ग?" मी विचारलं.

"सांगणार नाही, सर."

"का बरं?"

"मी सांगितलं की ह्या मागच्या बाकावरच्या पोरी ऐकतील, न् त्यांच्या नावावर लिहून टाकतील. मग माझ्यापाशी काय राहील?"

सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या पोरी तर जरा जास्तच हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. का, ते सांगतो.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. माझा एक जिवलग मित्र होता. त्यालाही लिहायचा नाद. शाळेतून घरी जाताना मी त्याला माझ्या डोक्यातली एक गोष्ट सांगितली. एक शेतकरी आपला म्हातारा बैल बाजारात विकतो, आणि तो बैल रातोरात चालत परत घरी येतो. बस, एवढीच. त्या वर्षी दिवाळीत एका अंकाच्या मुलांच्या पानावर ती गोष्ट छापून आली. खाली नाव मित्राचं! मला इतका राग आला की मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. त्याचं नाव इथे सांगत नाही. आता तो आजोबा झाला आहे, आणि नातवंडांसमोर त्याची फजिती कशाला करायची?

पण गंमत पुढेच आहे. काही वर्षांपूर्वी जुनी कागदपत्रं आवरताना ते कात्रण सापडलं. मी ते वाचलं. त्याच्या गोष्टीत शेतकऱ्याची एक मुलगी होती. रात्री दारात बैलाच्या गळ्यातली घंटी वाजते, ती उठते आणि वडिलांना न उठवता बैलाला गोठ्यात बांधते. ती मुलगी माझ्या डोक्यात कधीच नव्हती. घंटीही नव्हती. आणि मुख्य म्हणजे, मी ती गोष्ट कधी लिहिलीच नव्हती! वर्षभर मी ज्या गोष्टीसाठी रुसलो होतो, तिची एक ओळसुद्धा माझ्या वहीत नव्हती.

मग त्याने चोरी केली की नाही केली? मला विचाराल तर त्याने एक चूक केली. "ही कल्पना मला माझ्या मित्राने सांगितली" एवढं तो म्हणाला असता तर त्याचं काय बिघडलं असतं? पण गोष्ट त्याची होती, यात मला आता शंका नाही.

हे सगळं त्या मुलीला एका वाक्यात सांगणं शक्य नव्हतं. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. डबे उघडले गेले. मी व्हरांड्यात बसलो आणि मुलं भोवती जमली. ती मुलगीही आली, वही पोटाशी धरून. मग मी त्यांना जे सांगितलं तेच थोडं विस्ताराने तुम्हालाही सांगतो. आईबाबांनाही वाचून दाखवा, कारण "आपली आयडिया कुणाला सांगू नकोस हं" असं मुलांना शिकवणारे पुष्कळदा तेच असतात!

जात्यावर मालकी कुणाची?

आपल्या बीड जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. गावात पिठाची गिरणी नव्हती तेव्हा बायका पहाटे उठून जात्यावर दळायच्या. दळण जड. म्हणून बहुतेक वेळा दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला हात लावत आणि ओव्या म्हणत. एकीने पहिली ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची, पुढची जोडायची. माहेरची ओवी सासरी जायची. सासरच्या जावेने त्यात आपल्या भावाचं नाव घातलं की ती तिची झाली. "ही ओवी माझी आहे, म्हणू नकोस" असं कुणी म्हटल्याचं ऐकलं आहे का? उलट दुसरीने आपली ओवी उचलली तर बाईला बरंच वाटायचं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ या दोघांनी अशा ओव्या गोळा करायचं काम कितीतरी वर्षं केलं. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत आपलं माजलगावही आहे. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ओव्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत, बुद्ध आहेत. चाल तीच जुनी, जात्याच्या घरघरीची. विषय मात्र त्यांचा स्वतःचा. चाल उसनी घेतली म्हणून त्या ओव्या कमी त्यांच्या झाल्या का? मुळीच नाही. आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकायलाही मिळतात आणि तिथे गाणाऱ्या बायकांची नावंही दिलेली आहेत. हे नाव देण्याचं लक्षात ठेवा, त्याकडे आपण परत येणार आहोत.

चिमणी-कावळ्याची गोष्ट तर तुम्हा सगळ्यांना येते. मेणाचं घर, शेणाचं घर, आणि मग धो धो पाऊस. ही कुणाची गोष्ट? माझ्या आजीची? तुमच्या आजीची? तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्र' या मराठीतल्या जुन्या गद्य ग्रंथात ही गोष्ट चक्रधर स्वामींच्या तोंडी आलेली आहे. तिथे चिमणीऐवजी साळई आहे एवढंच. म्हणजे सातशे वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट या घरातून त्या घरात फिरते आहे. मध्येच केव्हातरी साळई उडाली आणि चिमणी येऊन बसली. कुणी केलं ते? ठाऊक नाही. पण ज्याने केलं त्याचं बरंच झालं, कारण साळईपेक्षा चिमणी आपल्या अंगणात जास्त!

आमची शेजारीण सकाळी वाटी घेऊन विरजण मागायला यायची. आई चमचाभर दही द्यायची. आमचं दही कमी झालं नाही आणि तिच्या घरचं दही आमच्यासारखं कधी लागलंही नाही. तिचं दूध वेगळं, भांडं वेगळं, फडताळाची ऊब वेगळी. गोष्टीचंही असंच काहीतरी असावं असं मला वाटतं.

गोदावरीपलीकडची गोष्ट

बीड जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. तिच्या पलीकडच्या काठावर पैठण. फार जुन्या काळी तिथे सातवाहन राजांची राजधानी होती. त्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता, असं सांगतात. त्याने 'बृहत्कथा' नावाचा गोष्टींचा प्रचंड ग्रंथ लिहिला. तोही संस्कृतात नाही, पैशाची नावाच्या भाषेत. दंतकथा अशी की त्यात सात लाख श्लोक होते, आणि रानात शाई मिळेना म्हणून त्याने ते स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने नाक मुरडलं. भाषा गावंढळ, आणि वर रक्ताने लिहिलेलं! गुणाढ्याला इतकं वाईट वाटलं की तो एका टेकडीवर गेला, अग्नी पेटवला आणि एक-एक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. हरणं चरायची थांबली. डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. इकडे राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागलं. का, म्हणून चौकशी केली तेव्हा कळलं की रानातली जनावरं खातच नाहीत, गोष्टी ऐकताहेत. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले.

ही झाली दंतकथा. पण खरी गोष्ट त्याहून चटका लावणारी आहे. तो उरलेला ग्रंथही आज कुठेच मिळत नाही. एक पानसुद्धा नाही! मग त्यातल्या गोष्टी आपल्याला कशा कळल्या? दुसऱ्यांनी घेतल्या म्हणून! अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र आणि सोमदेव या दोन कवींनी त्या आपापल्या पद्धतीने संस्कृतात पुन्हा सांगितल्या. सोमदेवाच्या ग्रंथाचं नाव 'कथासरित्सागर'. 'चांदोबा'त वर्षानुवर्षं येणारे विक्रम आणि वेताळ आठवतात? आईबाबांना नक्की आठवतील. त्या वेताळाच्या गोष्टी 'कथासरित्सागरा'त आहेत.

आणि सोमदेवाने लपवाछपवी केली नाही बरं का. आपण गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'तून घेत आहोत हे त्याने सांगूनच टाकलं. म्हणून तर पैठणच्या त्या पंडिताचं नाव आज तुमच्या-माझ्यापर्यंत पोचलं. गुणाढ्याने आपली पोथी पेटीत कुलूप लावून ठेवली असती तर काय झालं असतं, याचा तुम्हीच विचार करा.

त्याच पैठणला पुढे सोळाव्या शतकात संत एकनाथ झाले. त्याच सुमाराला आपल्या अंबाजोगाईला दासोपंत होते. दासोपंतांनी इतकं लिहिलं, इतकं लिहिलं, की कागद पुरेना की काय असं वाटावं. एक ग्रंथ तर त्यांनी चक्क कापडावर, लांबलचक पासोडीवर लिहिला. बीडला जनी जनार्दन होते. हे तिघे आणि आणखी दोघे, रामा जनार्दन आणि विठा रेणुकानंदन, मिळून 'एकनाथ पंचक' म्हणून ओळखले जातात. एकाच काळात, एकाच मुलखात लिहिणारे पाच जण. विषयही पुष्कळदा तेच, गीता, भागवत, रामायण. तरी एकाचं लिहिणं दुसऱ्यासारखं नाही.

एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं. ही गोष्ट भागवतातली, आणि त्यांच्या आधी तेराव्या शतकाच्या अखेरीला नरेंद्र नावाच्या कवीने हीच गोष्ट मराठीत सांगितली होती. कुणी तक्रार केली नाही. पण याच एकनाथांचं दुसरं रूप पाहा. 'ज्ञानेश्वरी'च्या हस्तलिखितांमध्ये नकला करणाऱ्यांच्या हातून चुका झाल्या होत्या, कुणी आपल्याच ओव्या मध्ये घुसडल्या होत्या. एकनाथांनी १५८४ मध्ये त्या पोथीची शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी ताकीद दिली की यापुढे यात कुणी स्वतःची ओवी घालू नये. गोष्ट घ्या, तुमच्या शब्दांत सांगा. पण दुसऱ्याच्या शब्दांत ढवळाढवळ करू नका.

त्या नरेंद्र कवीची तर आणखी एक कथा महानुभाव परंपरेत सांगतात. देवगिरीच्या रामदेवराव राजाला त्याचं काव्य फार आवडलं. राजा म्हणाला, ओवीमागे सोनं देतो, पण काव्यावर नाव माझं घाल. नरेंद्राने नकार दिला. पण पोथी तर राजाच्या हाती! मग दुरुस्त्या करायच्या आहेत म्हणून त्याने ती एका रात्रीपुरती मागून घेतली. नृसिंह आणि शल्य हे त्याचे दोघे भाऊही कवीच होते. तिघे बसले आणि पहाटेपर्यंत सुमारे नऊशे ओव्या उतरवून घेतल्या. पाहा हं, रुक्मिणीची गोष्ट त्याने स्वतः दुसऱ्याकडून घेतली होती आणि त्यात त्याला काही गैर वाटलं नव्हतं. पण आपल्या रचलेल्या ओव्यांवरचं आपलं नाव मात्र त्याने सोन्यालाही विकलं नाही.

"म्हणजे सर, गोष्ट सगळ्यांची, पण ओव्या ज्याच्या त्याच्या?" एका मुलाने विचारलं. त्याच्या तोंडात भाकरी होती, त्यामुळे मला दोनदा ऐकावं लागलं.

"बरोबर. आणि गंमत म्हणजे आपल्या देशाचं सर्वोच्च न्यायालयही तेच म्हणतं."

कोर्टात गेलेलं नाटक

आर. जी. आनंद नावाचे दिल्लीचे नाटककार होते. १९५३ मध्ये त्यांनी 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिलं. दोन वेगवेगळ्या प्रांतांतली कुटुंबं शेजारी राहतात, त्यांची मुलं एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि घरचे म्हणतात, छे, ते आपल्याकडचे नाहीत! नाटक गाजलं. मुंबईचे चित्रपट दिग्दर्शक मोहन सैगल यांनी त्यात रस दाखवला. आनंद यांनी त्यांना सगळं नाटक वाचून दाखवलं. पुढे काहीच कळलं नाही. आणि १९५६ मध्ये सैगल यांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला, किशोरकुमार आणि वैजयंतीमाला यांचा. त्यातही वेगवेगळ्या प्रांतांची कुटुंबं, तीच अडचण! आनंद कोर्टात गेले.

खटला चालत चालत १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं, नुसत्या कल्पनेवर, विषयावर, कथानकावर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, म्हणजे ती कल्पना तुम्ही कशी रचली, कोणते प्रसंग, कोणते संवाद लिहिले त्यावर. नाटक आणि चित्रपट यांत साम्य होतं, पण फरकही बरेच होते. चित्रपटात हुंड्याचा प्रश्नही आला होता. आनंद खटला हरले.

मला आनंद यांच्याबद्दल वाईट वाटतं, हे लपवत नाही. ज्याला विश्वासाने नाटक वाचून दाखवलं त्याने निदान एक पत्र तरी पाठवायचं होतं. कायदा जिथे संपतो तिथून पुढे माणसाचा भला स्वभाव लागतो, आणि तो प्रत्येक वेळी मिळतोच असं नाही. म्हणून त्या मुलीची भीती अगदीच खोटी नव्हती. पण निकालाचा दुसरा अर्थही पाहा. कल्पनेवर मालकी दिली असती, तर दोन घरच्या भांडणात अडकलेल्या मुलामुलीची गोष्ट जगात एकालाच लिहिता आली असती! मग बाकीच्यांनी काय लिहायचं?

असाच एक घोटाळा परदेशातही झाला होता. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला. त्याची राख इतकी वर गेली की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. १८१६ च्या त्या पावसाळी, गारठलेल्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवराकाठी एका बंगल्यात काही मित्रमंडळी अडकून पडली होती. कवी बायरन, कवी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी त्यांत होते. भुताच्या गोष्टी वाचून झाल्या. मग बायरन म्हणाला, आपणच प्रत्येकाने एक लिहू या. मेरीला काही सुचेना. रोज सकाळी मंडळी विचारायची, सुचली का गोष्ट? आणि रोज तिला नाही म्हणावं लागायचं. (गृहपाठ न झालेल्यांना तिची अवस्था कळेल!) पण इतरांच्या गप्पा ती ऐकत होती. मेलेल्या वस्तूत जीव घालता येईल का, अशी चर्चा एका रात्री झाली आणि त्यातून तिला जे सुचलं ते १८१८ मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणून छापलं गेलं. आज दोनशे वर्षांनंतरही ते जगभर वाचतात.

घोटाळा झाला तो पॉलिडोरीचा. बायरनने एक गोष्ट सुरू करून अर्धवट टाकली होती. तिचा धागा धरून पॉलिडोरीने रक्तपिपासू माणसाची गोष्ट लिहिली. १८१९ मध्ये ती छापून आली, आणि खाली नाव कुणाचं? बायरनचं! छापणाऱ्याने घोळ घातला. बायरन चिडला, ही माझी नाही म्हणून. पॉलिडोरी चिडला, ही माझी आहे म्हणून. बिचाऱ्याचं नाव लोकांपर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

वही उघडली

मधली सुट्टी संपत आली होती. ती मुलगी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, सांगू का?" आणि तिने गोष्ट सांगितली.

तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला टोळी निघते ती पाडव्याच्या आसपास परत येते. ती आजीपाशी राहते. आजीला इतक्या वर्षांची सवय, रोज दोन भाकरी जास्तीच्या होतात. त्या भाकरी आजी दारातल्या कुत्र्याला घालते. म्हणून ते कुत्रं दिवाळीनंतर लठ्ठ होत जातं आणि आईबाप परत आले की बारीक होतं. ही गोष्ट तिला कुत्र्याच्या तोंडून सांगायची होती. कुत्र्याला वाटतं, ही माणसं कधी परत येऊच नयेत!

मी गप्पच झालो. खरं सांगतो मुलांनो, माझ्या डोक्यात अशी गोष्ट आली असती तर मीही वहीवर हात धरला असता.

"पण पुढं काय लिहावं ते कळंना," ती म्हणाली. "कुत्र्याला कळायला पाहिजे ना, ती माणसं तिकडं कशी राहतात ते. मला तरी कुठं माहितंय? मी कधी गेलेच नाही."

तेव्हा तो भाकरीवाला मुलगा म्हणाला, "मी गेलोय की!" आणि त्याने सांगायला सुरुवात केली. दोन हंगाम तो आईबापांबरोबर फडावर होता. कोपी कशी उभारतात, बांबूच्या कामट्या, वर पाचट. आत उभं राहिलं की मोठ्या माणसाचं डोकं लागतं. अंधारात उठून आई भाकरी करते आणि कोयता घेऊन निघते. बारकी पोरं उसाच्या बांधावर. रात्री-बेरात्री गाडी भरायला आली की पुन्हा उठायचं. "आणि तिथं पण कुत्री येतात," तो म्हणाला. "एक तर आमच्या गावचंच आलं होतं, ट्रॅक्टरच्या मागं पळत पळत. निम्म्या रस्त्यापर्यंत. मग दिसलं नाही."

मागच्या बाकावरची एक मुलगी एकदम म्हणाली, "हिच्या कुत्र्याला पण पळव की! पोटभर भाकरी सोडून ते पळतंय असं दाखव."

वही आता मांडीवर उघडी पडली होती. ती मुलगी भराभर लिहून घेत होती.

नवीन नाही हे काही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तीन मोठे कथालेखक. एकाच व्यासपीठावर बसून आपापल्या गोष्टी सांगत ते गावोगाव हिंडले. तिघेही गावाकडच्या माणसांवरच लिहायचे. तरी ऐकणाऱ्याला डोळे मिटून कळायचं, ही मिरासदारांची, ही पाटलांची. त्यांतले माडगूळकर १९८३ मध्ये याच अंबाजोगाईला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्या वेळी गर्दीत उभं राहून पुढे बघायला जे चवड्यांवर उभे होते, त्यांतली काही मुलं आज आजोबा-आजी असतील. विचारा घरी.

दिवाळीनंतर गुरुजींनी ते हस्तलिखित मला दाखवायला पाठवलं. कुत्र्याची गोष्ट पहिलीच होती. गोष्टीच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की कोपीची माहिती कुणी सांगितली. त्या मुलाचं पूर्ण नाव, अगदी वडिलांच्या नावासकट! पण पुढे चार पानं उलटली तर काय, मागच्या बाकावरच्या त्या मुलीनेही कुत्र्याचीच गोष्ट लिहिलेली! वर "कल्पना" म्हणून पहिलीचं नाव, खाली "लेखन" म्हणून स्वतःचं. तिच्या गोष्टीतलं कुत्रं ट्रॅक्टरमागे पळत कारखान्यापर्यंत पोचतं. तिथे मुलीची आई त्याला ओळखते, जवळ घेते आणि विचारते, "घरी कोण आहे रं मग?" बस, तिथेच गोष्ट संपते.

नंतर एकदा त्या गावावरून जात होतो म्हणून शाळेत डोकावलो. ती मुलगी धावत आली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच विचारलं, "सर, खरं सांगा. तिची जास्त चांगली झाली का?"

आता काय सांगावं? खोटं बोलणं जिवावर आलं. मी म्हटलं, "शेवट तिचा चांगला झालाय. बाकी भाकरीचं आणि लठ्ठ होण्याचं जे तू लिहिलंस ना, ते तिला जमलं नाही."

तिने थोडा विचार केला. "मग पुढच्या बारीला शेवट तिलाच विचारीन," ती म्हणाली. आणि जाता जाता मागे वळून, "पण सर, सुरुवात मात्र आधी लिहून ठेवीन!"